अद्भुताचं कपाट

एखाद्या गावाची वाचनाची आवड ओळखायची असेल तर तिथल्या वाचनालयात गेल्यावर आधी पुस्तकं चाळू नयेत. आधी कपाटांवर डकवलेल्या चिठ्ठ्या वाचाव्यात. आमच्या पेठेतल्या वाचनालयात त्या अशा आहेत : कादंबरी, कथा, नाटक, कविता, चरित्र-आत्मचरित्र, प्रवासवर्णन, ऐतिहासिक, पौराणिक व धार्मिक, रहस्य-गूढ, आरोग्य, पाककृती, बालवाङ्मय. आणि अगदी कोपऱ्यात, जिथे ट्यूबलाइट नीट पोचत नाही तिथे, दीड फळी 'विज्ञानकथा'.

ही दीड फळी मी इतकी वर्षं नुसती पाहत होते. तिच्याकडे लक्ष गेलं ते नातीमुळे. ती इंजिनिअरिंगला आहे आणि जे वाचते त्याला 'सायफाय' आणि 'फँटसी' म्हणते. त्यातही पोटजाती किती! आपल्या समाजात नसतील तेवढ्या. हाय फँटसी, अर्बन फँटसी, स्पेस ऑपेरा, टाइम ट्रॅव्हल, अल्टरनेट हिस्ट्री, सायबरपंक, स्टीमपंक... तिने मला एका कागदावर ही यादी लिहून दिली आणि विचारलं, "आजी, यातलं मराठीत काय काय आहे गं?"

मी जन्मभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. त्यामुळे 'काय आहे' असं कुणी विचारलं की माझं मन आपोआप 'कधीपासून आहे' याकडे वळतं. शंभर पानी वही घेतली आणि दोन महिने रोज सकाळी वाचनालयात जाऊन बसले. ग्रंथपालबाई ओळखीच्या, त्यांनी कपाटांच्या किल्ल्याच माझ्या हाती दिल्या. त्या वहीतून जे निघालं ते आज सांगते.

आधी अद्भुताबद्दल. 'फँटसी' या शब्दासाठी आपल्याला परक्याच्या दारी जायची काही गरज नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात जे आठ रस सांगितले आहेत त्यातला एक अद्भुत, आणि विस्मय हा त्याचा स्थायीभाव. म्हणजे माणसाला थक्क व्हायला आवडतं, ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वीच मान्य झालेली होती. मराठी गद्य जेव्हा छापखान्यातून बाहेर पडू लागलं तेव्हाही त्याची सुरुवात याच हौसेने झाली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची. त्याच काळात पुण्यात कृष्णशास्त्री चिपळूणकर 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणत होते. ते काम पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांनी केलं. संस्कृत आणि इंग्रजीत मुरलेल्या या मंडळींना जिनांच्या आणि उडत्या गालिच्यांच्या गोष्टी मराठीत आणण्यात कमीपणा वाटला नाही, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

मग वारं फिरलं. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' १८७२ मधला. कादंबरी कशी असावी याची चर्चा तेव्हापासून आपल्याकडे रीतसर सुरू झाली. १८८५ च्या सुमारास हरिभाऊ आपट्यांची 'मधली स्थिती' आली, आणि १८९० नंतर 'करमणूक'मधून 'पण लक्षात कोण घेतो' वाचून पुण्यातल्या घराघरांत बायकांनी डोळ्याला पदर लावला. हरिभाऊंचं ऋण फार मोठं आहे. बाईचं दुःख कागदावर आलं ते त्यांच्यामुळे. पण त्याचा एक परिणाम असाही झाला की शहाण्या माणसाने वाचायची ती वास्तव कादंबरी, आणि अद्भुत म्हणजे पोरासोरांचं, अशी वाटणी होऊन बसली. त्या वाटणीवर आपण अजून जगतो आहोत.

अद्भुत मात्र कुठे जातंय! ते वेश पालटून आलं. नवा वेश होता विज्ञानाचा.

ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाने तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे जाणाऱ्या माणसांची कादंबरी लिहिली १८६५ साली. कृष्णाजी नारायण आठल्ये हे मराठी गृहस्थ तिकडे केरळात, कोचीनला राहून 'केरळकोकिळ' नावाचं मासिक चालवत. १९०० पासून त्यांनी या कादंबरीचं मराठी रूप 'चंद्रलोकची सफर' या नावाने क्रमशः द्यायला सुरुवात केली. कोचीनच्या संपादकाकडून फ्रेंच लेखकाची चंद्रयात्रा मराठी वाचकांच्या घरी टपालाने येते, हीच मुळात किती अद्भुत गोष्ट!

नातीच्या यादीतला 'स्टीमपंक' मला इथे सापडला. हा शब्द १९८७ मधला. वाफेच्या इंजिनांच्या, पितळी चाकांच्या जमान्यात अचाट यंत्रं कल्पायची, असा त्याचा अर्थ. नातीच्या वयाच्या मुलांना त्या जुन्या यंत्रांची मौज वाटते. पण 'चंद्रलोकची सफर' वाचणाऱ्याला वाफेचं इंजिन जुनं नव्हतं हो, नवं होतं! पुण्याला आगगाडी आली १८५८ साली, आणि बोरघाट चढून मुंबईशी सलग जोडली गेली १८६३ साली. १९०० मध्ये ज्यांचे आजोबा बैलगाडीने घाट उतरले होते आणि जे स्वतः गाडीने उतरत होते, त्यांना तोफेतून चंद्रावर जाणं फार लांबचं वाटलं नसावं. आमची मौज त्यांचा वर्तमानकाळ होता.

त्यानंतर स्वतंत्र लेखन आलं. नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, यांच्या 'श्रीनिवासराव' या कादंबरीचा उल्लेख मराठीतली पहिली वैज्ञानिक कादंबरी म्हणून केला जातो. हे नाथमाधव शिकारीच्या नादात सिंहगडाच्या कड्यावरून पडले आणि कायमचे अधू झाले. पुढचं सगळं लेखन त्यांनी त्या अवस्थेत केलं. ज्याला अंथरुणावरून हलता येत नाही त्याने १९१३ मध्ये 'वीरधवल'सारखी साहसांनी आणि चमत्कारांनी भरलेली कादंबरी लिहावी आणि महाराष्ट्राने ती डोक्यावर घ्यावी! 'वास्तवापासून पळवाट' असं अद्भुताला हिणवणाऱ्यांना मी नेहमी नाथमाधवांची आठवण करून देते. कधी कधी ती पळवाट नसते, तेवढी एकच वाट उरलेली असते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात 'मासिक मनोरंजन'मध्ये श्रीधर बाळकृष्ण रानडे यांची 'तारेचे हास्य' ही कथा आली. पुढे पुण्यात रविकिरण मंडळात कवी म्हणून नावाजलेले तेच हे श्री. बा. रानडे.

हे केवळ आपल्याकडेच चाललं होतं असं नाही. बंगालात जगदीशचंद्र बोस यांनी १८९६ मध्ये विज्ञानकथा लिहिली ती केशतेलाच्या एका उत्पादकाने ठेवलेल्या कथास्पर्धेसाठी. समुद्रावरचं वादळ तेलाच्या बाटलीने शमतं अशी ती गंमत. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण कल्पनेची हौस भागवायला त्याला स्पर्धेचं निमित्त लागलं. हे ध्यानात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

आता वाचनालयांकडे येते. पुण्यात 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी' सुरू झाली १८४८ साली, लोकहितवादींच्या पुढाकाराने. आज आपण तिला पुणे नगर वाचन मंदिर म्हणतो. त्याच वर्षी, त्याच बुधवार पेठेत, भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. पुढे खास मराठी ग्रंथ जमवण्यासाठी ठाण्याला १८९३ मध्ये, मुंबईला १८९८ मध्ये आणि पुण्याला १९११ मध्ये संस्था उभ्या राहिल्या. हे सगळं मोठ्या कळकळीने झालं. पण कळकळीच्या माणसाला एक निवड करावीच लागते. मराठी ग्रंथ सांभाळायचे म्हणजे कोणते? ज्ञानेश्वरी, बखरी, निबंधमाला, नाटकं. मासिकातून आलेली चंद्राची सफर नव्हे. ते लोक आणत, वाचत आणि रद्दीत देत.

त्यामुळे अद्भुताचा खरा सांभाळ केला तो गल्लीबोळांतल्या खाजगी वाचनालयांनी. महिन्याला थोडी वर्गणी, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. माझ्या पिढीतल्या पुणेकराला अशी दोन-तीन दुकानं तरी आठवतील. अनंत अंतरकरांनी सुरू केलेली 'हंस', 'मोहिनी' आणि 'नवल' ही मासिकं तिथे मिळत. त्यातलं 'नवल' तर नावाप्रमाणेच. गूढ, साहस, परग्रह, भुतंखेतं, सगळं एकत्र. पोटजाती नव्हत्या, पंगत एकच होती! नारायण धारपांची पुस्तकं तिथेच फाटेपर्यंत फिरली. धारप पुण्यात राहत, २००८ मध्ये गेले. 'लुचाई' वाचून रात्री स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायची छाती होत नसे. त्यांनी विज्ञानकथाही लिहिल्या. आमच्या वाचनालयात त्या 'रहस्य-गूढ'मध्येच आहेत, कारण पुठ्ठ्यावर धारपांचं नाव आहे.

व्हर्नचं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. आठल्यांच्या काळी जी चंद्रयात्रा मोठी माणसं वाचत होती ती भा. रा. भागवतांनी पुन्हा मराठीत आणली 'चंद्रावर स्वारी' या नावाने, आणि ती गेली बालवाङ्मयाच्या कपाटात. 'मुक्काम शेंडेनक्षत्र'ही तिथेच, फास्टर फेणेच्या शेजारी. भागवतांनी मुलांवर जे उपकार केले त्याला तोड नाही. पण पन्नास-साठ वर्षांत एकच कादंबरी मोठ्यांच्या हातून मुलांच्या हातात जाते, याचा अर्थ मोठ्यांनी थक्क होणं सोडून दिलं होतं. आणि गंमत अशी की १९६९ च्या जुलैत माणूस खराच चंद्रावर उतरला तेव्हा तीच मोठी माणसं रेडिओला कान लावून बसली होती.

मोठ्यांच्या कपाटाचं दार पुन्हा उघडलं ते १९७४ मध्ये. विज्ञानप्रसारासाठी १९६६ साली स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घेत असे. त्या वर्षी 'नारायण विनायक जगताप' नावाच्या कुणाची 'कृष्णविवर' ही कथा आली आणि पहिली आली. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर! स्वतःची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी हे नाव घेतलं होतं. नावामुळे बक्षीस मिळालं असं व्हायला नको, म्हणून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंकडून लिहवून घेतली होती. बोसांना जसं केशतेलाच्या स्पर्धेचं निमित्त लागलं तसं नारळीकरांना याचं. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या वाटेची दखल घेतली. लोककथांच्या अभ्यासक असलेल्या दुर्गाबाईंना तिचं महत्त्व चटकन कळावं यात मला नवल वाटत नाही. गोष्टीतल्या अद्भुताची त्यांच्याइतकी पारख कुणाला होती?

मग 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला' आली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे, अरुण मांडे असे कितीतरी जण लिहू लागले. कोपऱ्यातली ती दीड फळी या सगळ्यांनी भरलेली आहे. २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर झाले, तेव्हा त्या फळीला राजमान्यताच मिळाली. २०२५ च्या मे महिन्यात ते पुण्यातच गेले.

पण या मान्यतेची एक किंमत होती. विज्ञानकथेला आत घेतलं ते ती काहीतरी शिकवते म्हणून. शाळेत आम्हीही मुलांना ती याच बोलीवर दिली : वाचा, विज्ञान समजेल. अद्भुताला प्रवेश मिळाला पण हातात वही-पुस्तक घेऊन. ज्या गोष्टीतून काहीच शिकायला मिळत नाही, नुसतं तोंड उघडं राहतं, तिला अजूनही कपाट नाही.

म्हणजे तसं साहित्य नाही का? भरपूर आहे, चिठ्ठी मात्र वेगळीच. खांडेकरांची 'ययाति' घ्या, १९५९ ची. बाप मुलाकडून तारुण्य मागून घेतो. दुसऱ्या एखाद्या भाषेत ही पहिल्या प्रतीची फँटसी म्हणून मिरवली असती. आमच्याकडे ती 'पौराणिक'. जी. ए. कुलकर्ण्यांच्या 'रमलखुणा' या १९७५ च्या पुस्तकातल्या दोन दीर्घकथा, 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. कुठल्याच नकाशात नसलेली नगरं, कुठल्याच पंचांगात नसलेला काळ. ते पुस्तक नुसत्या 'कथा'मध्ये. नातीची 'हाय फँटसी' मला अशी चार कपाटांत विखुरलेली मिळाली. तिचा सायबरपंक मात्र मला आमच्या कपाटांत मिळाला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते.

यादीतल्या 'अल्टरनेट हिस्ट्री'ला मी 'पर्यायी इतिहास' म्हणते. त्याचं उत्तर शोधायला मात्र मला क्षणही लागला नाही. नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. पुण्याचे इतिहासकार गंगाधरपंत मुंबईला जातात आणि पोचतात भलत्याच मुंबईत. तिथे कंपनी सरकार अजून आहे. गोंधळलेला इतिहासकार काय करतो? टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात जाऊन बसतो! इतिहासाची पुस्तकं मागवतो, त्यात स्वतःचीही, आणि जग कुठे वेगळं झालं ते शोधत मागे मागे जातो. १४ जानेवारी १७६१ पर्यंत. या जगात विश्वासरावांना चाटून गोळी निघून गेली होती.

पानिपत शिकवताना दरवर्षी वर्गातून एक हात वर यायचा. "बाई, विश्वासरावांना गोळी लागली नसती तर?" इतिहासाच्या शिस्तीत या प्रश्नाला उत्तर नाही. जे घडलं नाही त्याचा पुरावा नसतो. पण तो प्रश्न विचारणारं पोरगंच खरं इतिहासाच्या जवळ आलेलं असतं, कारण त्याला कळलेलं असतं की जे झालं ते तसंच व्हायला हवं होतं असं काही नाही. नारळीकरांनी त्या पोराला उत्तर दिलं. गंगाधरपंत परत येतात तेव्हा खिशात बखरीचं एक फाटलेलं पान राहिलेलं असतं, त्या दुसऱ्या जगातलं. तेवढाच पुरावा.

ते पान माझ्या डोक्यातून जात नाही. कारण वही भरता भरता माझ्या लक्षात आलं की आपल्या अद्भुत साहित्याच्या इतिहासाचाही पुरावा असाच, फाटक्या पानांपुरता उरत चालला आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं पाणी पेठांत शिरलं, तेव्हा माणसांच्या संसाराबरोबर किती घरांतल्या पुस्तकांच्या ट्रंका गेल्या त्याची गणती नाही. पण पूर एकदाच आला. रद्दीवाला दर महिन्याला येतो. गल्लीतली खाजगी वाचनालयं एकेक करून बंद झाली आणि त्यांची पुस्तकं किलोवर गेली. 'नवल'चे जुने अंक सलग पाहायला मिळावेत म्हणून मी तीन ठिकाणी फिरले. मिळाले ते सुटे, मुखपृष्ठ नसलेले. २०१८ मध्ये 'तुंबाड' हा हिंदी सिनेमा आला, धारपांच्या कथेच्या आठवणीतून सुचलेला. तो पाहून तरुण मुलं धारपांची पुस्तकं मागायला लागली. आमच्या ग्रंथपालबाई म्हणाल्या, "होती हो, पण जीर्ण म्हणून मागेच बाद केली."

जीर्ण कशामुळे झाली? फार वाचली गेली म्हणून. जे कुणी हातात धरलं नाही ते कपाटात कोरं करकरीत आहे, आणि जे प्रेमाने वाचलं गेलं ते बाद!

म्हणून पोटजातींच्या त्या यादीला मी आता हसत नाही. चिठ्ठी लावल्याने पुस्तक मोठं होत नाही हे खरंच. जी.एं.ना कुठल्याही कपाटात घाला, ते जी.ए.च राहणार. पण चिठ्ठी लावणं म्हणजे 'हे आमचं आहे आणि हे सांभाळायचं आहे' असं म्हणणं. ज्याला नाव नाही त्याची नोंद नाही, आणि ज्याची नोंद नाही ते आधी बाद होतं. नुसतं वाचनालयातच नव्हे, इतिहासातही हाच नियम आहे.

माझ्या वहीत आजपर्यंत त्रेसष्ट पुस्तकांची नोंद झाली आहे. सहा वेगवेगळ्या कपाटांतली. ग्रंथपालबाईंना मी विनंती केली की पुस्तकं हलवू नका, फक्त त्यांच्या पाठीवर एक छोटा निळा ठिपका लावूया आणि दारापाशी यादी टांगूया, 'अद्भुत' या मथळ्याची. त्या हो म्हणाल्या. नातीने यादी टंकून दिली. तिच्या सगळ्या पोटजाती मी त्यात घातल्या नाहीत. रस एकच पुरे.

आणि एक सांगणं आहे. तुमच्या माळ्यावर, पलंगाखाली, जुन्या घराच्या फडताळात अशी मुखपृष्ठ गेलेली, डाळीच्या डब्याखाली ठेवलेली मासिकं असतील. दिवाळीच्या आवराआवरीत ती रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून अनुक्रमणिका पाहा. त्यात कुणी चंद्रावर निघालेलं असेल तर जवळच्या वाचनालयात नेऊन द्या, आणि देताना पावती मागून घ्या. नोंद झाली पाहिजे.